सर्व्हिंग बोर्ड: पाहुणे मोजण्याआधी टेबल मोजा

सर्व्हिंग बोर्डाच्या, म्हणजे खाणं मांडून वाढायच्या फळीच्या, जाहिरातीतल्या फोटोत चीज असतं, द्राक्षांचा घोस असतो, बदाम सांडलेले असतात. नसतो तो फक्त शेजारी ठेवलेला साधा पाण्याचा ग्लास. तो असता तर बोर्ड किती मोठा आहे हे एका नजरेत कळलं असतं. मग होतं काय, की फोटो पाहून मागवलेला बोर्ड घरी येतो तो एक तर वहीएवढा निघतो, नाही तर एवढा मोठा, की सिंकमध्ये आडवाही मावत नाही आणि तिरकाही. लाकूड कोरडं पडलं तर तेल लावता येतं, डाग घासता येतो, डुगडुगला तर खाली रबरी बटणं चिकटवता येतात. चुकलेल्या आकारावर मात्र इलाज नाही.

म्हणून हे परीक्षण कुठल्या ब्रँडचं नाही, मापांचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: घरात एकच बोर्ड घ्यायचा असेल तर ३० × ४५ सें.मी., २ सें.मी. जाड, लाकडी, कडेला खोबण नसलेला. वर्षातून चार-पाच वेळा दहाच्या वर माणसं येत असतील तर त्याहून मोठा घेऊ नका, तोच दुसरा घ्या. असं का, ते पुढे.

छापलेलं माप आणि हाती लागणारं माप

खोक्यावर ‘४५ सें.मी.’ लिहिलेलं असतं तेव्हा त्यात मूठ, म्हणजे बोर्ड धरायचा दांडाही मोजलेला असतो. मूठ साधारण १० ते १२ सें.मी. लांब. म्हणजे खाणं मांडायला उरले ३३ ते ३५. मूठ असलेला बोर्ड घेताना लांबीतून मूठ वजा करा आणि मगच तुलना करा. पाहुण्यांसाठी घेतलेला बोर्ड लहान पडतो तो बहुतेकदा या १२ सेंटिमीटरमुळेच.

दुसरी चोरवाट म्हणजे कडेची खोबण. मांस किंवा रसाळ फळं कापताना रस ओघळू नये म्हणून ती असते आणि कापायच्या बोर्डावर ती हवीच. वाढायच्या बोर्डावर ती जागा खाते. हिशोब करून बघा: ३० × ४० च्या बोर्डावर कडेपासून १ सें.मी. आत, १ सें.मी. रुंद खोबण असेल तर सपाट भाग उरतो २६ × ३६. म्हणजे १२०० चौरस सेंटिमीटरमधले ९३६. पावभागाला थोडी कमी एवढी जागा गेली. शिवाय बदाम आणि क्रॅकरचा चुरा नेमका त्याच खोबणीत जाऊन बसतो आणि धुताना टूथपिक हातात घ्यावी लागते. उंच काठाच्या ट्रेचंही असंच, माप नेहमी आतलं बघायचं.

माप डोळ्यांसमोर येत नसेल तर कागदाचा आधार घ्या. २० × ३० चा बोर्ड म्हणजे जवळजवळ ए-४ कागद. ३० × ४५ म्हणजे ए-३ पेक्षा बोटभर लांब. ४० × ६० म्हणजे ए-२, उघडून पसरलेल्या चार ए-४ कागदांएवढा.

माणशी किती जागा

मुख्य जेवणाआधी तोंडात टाकायला काही ठेवायचं असेल तर माणशी १५० चौरस सेंटिमीटर धरा. ही जागा एका पोस्टकार्डाएवढी, १० × १५. बोर्ड हेच जेवण असेल, म्हणजे चीज, ब्रेड, भाज्या, मांस, फळं सगळं त्यावरच, तर २५० धरा. या हिशोबाने ए-४ एवढ्या बोर्डावर चौघांचं होतं, ३० × ४५ वर (१३५० चौ. सें.मी.) नऊ जणांचं, आणि ४० × ६० वर सोळा जणांचं. जेवणच बोर्डावर असेल तर हेच आकडे दोन, पाच आणि नऊ होतात. ‘दहा जणांसाठी’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं ते यातल्या कुठल्या हिशोबाने, हे कुणी लिहीत नाही.

या हिशोबात वाट्या मोजायला लोक विसरतात. ८ सें.मी. व्यासाची वाटी ५० चौ. सें.मी. जागा घेते. ऑलिव्ह, मध आणि डिप (बुडवून खायची दाट चटणी) अशा तीन वाट्या ठेवल्या की एका पाहुण्याची जागा गेली. क्रॅकर आणि ब्रेड तर पाव ते तिसरा हिस्सा बळकावतात. त्यांना खरं म्हणजे बोर्डावर असण्याची गरजच नाही. शेजारी वेगळ्या भांड्यात ठेवले तर बोर्ड एक माप लहान चालतो, आणि ओल्या द्राक्षांना किंवा मऊ चीजला चिकटून ते मऊही पडत नाहीत.

चीज जेवणाआधी माणशी ४० ते ५० ग्रॅम पुरतं. आठ-नऊ जणांसाठी १५० ग्रॅमचे तीन तुकडे झाले. असा एक तिकोनी तुकडा साधारण ८ × १० सें.मी. जागेत बसतो, पण ज्या बाजूने कापायचा त्या बाजूला सुरीला आणखी ४-५ सें.मी. मोकळे लागतात. हीच मोकळी जागा फोटोतल्या बोर्डावर नसते. तिथे सगळं खेटून भरलेलं असतं, कारण फोटोतलं चीज कुणाला कापायचं नसतं. घरी तसं भरलं, की पहिला पाहुणा सुरी लावतो आणि अंजीर टेबलाखाली जातं.

टेबलाचा हिशोब

पाहुणे किती यावरून बोर्ड घेतला आणि तो टेबलावर ठेवायला गेलं, की खरी अडचण कळते. जेवणाचं टेबल बहुधा ७५ ते ९० सें.मी. रुंद असतं. प्लेट २६-२७ सें.मी. व्यासाची, ती कडेपासून तीनेक सेंटिमीटर आत. म्हणजे एका बाजूचे ३० गेले, समोरच्या बाजूचे ३० गेले. ९० च्या टेबलावर मध्ये ३० उरतात, त्यातच ग्लास ठेवायचे. ७५ च्या टेबलावर उरतात अवघे १५. मांडलेल्या टेबलावर ३० रुंदीचा बोर्ड ठेवायचा तर ग्लास प्लेटच्या बाजूला सरकवावे लागतात किंवा प्लेटा काठाशी ओढाव्या लागतात, आणि कुणाची तरी बाही डिपमध्ये जाते.

अशा टेबलासाठी लांबट, अरुंद बोर्ड असतात: १५ × ६० किंवा २० × ६०. पहिल्यावर सहा, दुसऱ्यावर आठ जणांचं भागतं. बसलेल्या माणसाचा हात सहज ४०-४५ सें.मी. पर्यंत जातो, त्यापुढे कोपर शेजाऱ्याच्या ग्लासवरून जातं. लांबट बोर्डाचा फायदा हा, की तो टेबलाच्या लांबीत पसरतो आणि प्रत्येकाच्या पुढ्यात काही ना काही येतं. तोटा असा, की १५ च्या रुंदीत ८ सें.मी. ची वाटी ठेवली की दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन उरतात, चीज कापायला जागाच नाही. या बोर्डावर चीज आधीच कापून मांडावं लागतं. ७५ च्या टेबलाला पर्याय नाही, पण ९० चं टेबल असेल तर २० रुंदीचाच घ्या, १५ चा नको.

बैठकीतल्या कमी उंचीच्या टेबलाचं गणित सोपं. ते ५० ते ६० सें.मी. रुंद असतं. ३० रुंदीचा बोर्ड मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंना १० ते १५ उरतात आणि ग्लास आरामात राहतो. ४० चा ठेवला तर बाजूला ५ ते १० उरतात. ग्लासचा बूड ७ सें.मी. चा असतो, तेव्हा पुढचं सांगायला नको.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडून लोकांना उभ्याने घ्यायला सांगणार असाल तर ओटा ६० खोल आणि मागे भिंत. लोक एकाच बाजूने येतात. तिथे ४० खोलीचा बोर्ड चालतो, पुढे प्लेट टेकवायला २० उरतात. फक्त मागच्या रांगेत कापायचं काही ठेवू नका, तिथपर्यंत हात पोचतो पण सुरी दाबता येत नाही.

मापागणिक

ए-४ एवढा, २० × ३० चा बोर्ड दोघा-चौघांसाठी उत्तम आणि एकदा घेतला की रोज वापरला जातो. दीड सेंटिमीटर जाडीचा असेल तर वजन ६००-६५० ग्रॅम, एका हाताने उचलतो, सिंकमध्ये सपाट बसतो, ड्रॉवरमध्ये जातो. चीजची सुरी १८ ते २० सें.मी. लांब असते, ती या बोर्डावर ठेवू नका, आडवी ठेवली तर जवळजवळ सगळी रुंदी अडते. शेजारी घडी केलेल्या रुमालावर ठेवा.

३० × ४५ आमच्या पसंतीचा. २ सें.मी. जाड मेपलसारख्या टणक लाकडाचा असेल तर वजन दोन किलोच्या आतबाहेर. वर दीड किलो खाणं धरलं तरी एक माणूस दोन हातांनी निर्धास्त नेऊ शकतो. बहुतेक सिंकच्या भांड्यात तिरका उभा राहतो. फ्रिजच्या फळीवर बसेल की नाही हे फ्रिजवर अवलंबून आहे. फळी सहसा ३० ते ३५ सें.मी. खोल आणि ४५ ते ५० रुंद असते, म्हणजे जेमतेम. टेपने मोजताना फळीची खोली मागच्या भिंतीपासून फळीच्या कडेपर्यंत नको, दार लावल्यावर दारातल्या बाटल्यांचा कप्पा जिथपर्यंत आत येतो तिथपर्यंत मोजा.

४० × ६० बद्दल आमचं मत कडक आहे. याच लाकडाचा, २ सें.मी. जाडीचा असेल तर नुसता बोर्डच साडेतीन किलोच्या घरात जातो. सोळा जणांचं खाणं अडीच किलो धरा. सहा किलोंचा आडवा, निसटता ऐवज दोन्ही हातांनी धरून दारातून न्यायचा. दार ७५-८० चं, बोर्ड ६० चा, दोन्ही बाजूंना तुमची बोटं. बोर्ड जातो, बोटांची सालं निघतात. फ्रिजमध्ये मावत नाही, सिंकमध्ये मावत नाही, म्हणून ओल्या फडक्याने पुसूनच भागवावं लागतं, आणि चीजचा वास राहतो.

त्याहून मोठी अडचण वेळेची. मऊ चीज, कापलेलं मांस, अंड्याचे किंवा दुधाचे डिप खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. एवढा मोठा बोर्ड एकदम भरला की सगळ्याचं घड्याळ एकदम सुरू होतं. चीजची चव खुलावी म्हणून ते अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढतात, तोही वेळ यातच मोजायचा. त्यापेक्षा ३० × ४५ चे दोन बोर्ड घ्या. दोघांची मिळून जागा २७०० चौ. सें.मी., म्हणजे ४० × ६० च्या २४०० पेक्षा जास्तच. एक बाहेर, एक फ्रिजमध्ये झाकून. पहिला अर्धा झाला की दुसरा आणायचा. एकावर मांसाहारी आणि एकावर शाकाहारी असंही करता येतं, ते मोठ्या बोर्डावर कितीही रेघा आखल्या तरी जमत नाही.

गोल बोर्ड दिसायला देखणा, हिशोबाला फसवा. ४० सें.मी. व्यासाचा बोर्ड टेबलावर ४० × ४० अडवतो, पण त्याची जागा १२५७ चौ. सें.मी., चौकोनापेक्षा पाचव्या हिश्शाने कमी. ३० चा गोल ७०७, म्हणजे साडेचार माणसांचा. गोल टेबलावर मात्र गोलच शोभतो आणि क्रॅकरची कमान कडेने मस्त बसते. ठेवायची पंचाईत: कपाटात उभा ठेवला की घरंगळतो. फिरता गोल बोर्ड घ्यायचा असेल तर त्याच्या घेराबाहेर सगळीकडे १० सें.मी. मोकळे लागतात. द्राक्षांचा देठ बाहेर डोकावत असतो, आणि फिरताना तोच ग्लास पाडतो.

दगडाचं वजन

संगमरवर लाकडाच्या जवळजवळ चौपट जड. ३० × ४५ चा, दीड सेंटिमीटर जाडीचा संगमरवरी बोर्ड साडेपाच किलोंचा होतो, तोही रिकामा. म्हणून दगडात ए-४ च्या पुढे जाऊ नये, तो अडीच किलोंच्या आत राहतो. गारवा टिकवतो हे खरं, लोणी आणि मऊ चीज त्यावर छान राहतं. पण लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर, वाइन यांतलं आम्ल दगडाची झिलई खातं आणि निस्तेज डाग पडतात. ते धुऊन जात नाहीत, कारण ते डाग नसतातच, पृष्ठभाग झिजलेला असतो. स्लेट (पाटीचा काळा दगड) पातळ मिळते, ५-६ मिलिमीटर, म्हणून हलकी. तिच्यावर खडूने चीजची नावं लिहिता येतात. कडेच्या कपच्या निघतात, तेलाचे डाग बसतात, आणि सुरी ओढली की जो आवाज येतो तो ज्याने ऐकला तो परत ओढत नाही. काचेवर सुरीची धार जाते, तिला वाढण्यापुरतीच ठेवा.

बांबूचे बोर्ड पट्ट्या चिकटवून केलेले असतात. लहान मापात बिनतक्रार. मोठ्या मापात दीड सेंटिमीटरपेक्षा पातळ असतील तर बाक धरतात, आणि पाण्यात भिजत ठेवले तर सांधे उकलतात.

बाक का येतो

लाकूड ओलं झालं की रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून बोर्ड जितका रुंद तितका बाक जास्त दिसतो. ४५ च्या पुढे लांब आणि २ सें.मी. पेक्षा पातळ असा बोर्ड घेणं म्हणजे बाक विकत घेणं. बहुतेकांच्या हातून होणारी चूक एकच: वरची बाजू धुवायची आणि ओल्या ओट्यावर आडवा टाकून द्यायचा. एक बाजू वाळते, दुसरी ओली राहते, बोर्ड वाकतो. दोन्ही बाजू धुवा आणि कडेवर उभा करून वाळवा. तेलही दोन्ही बाजूंना सारखंच लावा, खालची बाजू दिसत नाही म्हणून सोडू नका. थोडा बाक आलाच असेल तर खोलगट बाजू खाली करून दमट फडक्यावर एक रात्र ठेवा, बऱ्याचदा सरळ होतो.

तेल खाण्याच्या दर्जाचं मिनरल ऑइल, किंवा त्यात मधमाशीचं मेण मिसळलेलं. स्वयंपाकाचं तेल लावू नका, काही आठवड्यांत खवट वास येतो आणि तो चीजला लागतो. नव्या बोर्डाला तीन-चार हात द्या, प्रत्येक हात काही तास मुरू द्या आणि वर राहिलेलं पुसून घ्या. पुढे कधी लावायचं ते पाण्याचा थेंब सांगतो: थेंब टपोरा राहिला तर ठीक, पसरून मुरला तर तेलाची वेळ झाली. डिशवॉशर लाकडाला वर्ज्य.

घरी आल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत

सपाट ओट्यावर ठेवून समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबा. ठकठक वाजलं तर बोर्ड मुळातच वाकडा आहे. मग खालच्या कडेखाली बोटं जातात का बघा. पाय नसतील तर कड खालून तासलेली हवी, नाहीतर भरलेला बोर्ड टेबलावरून उचलायला नख घालावं लागतं. पाय असतील तर बोर्ड एकाच बाजूने वापरता येतो, हे आम्हाला चालतं. मुठीच्या भोकाची आतली कड बोटाने चाचपा, कुसळं तिथेच राहिलेली असतात.

हे सगळं खरेदीआधीच टाळायचं तर वर्तमानपत्राचा कागद हव्या त्या मापाचा कापा आणि टेबलावर ठेवा. भोवती नेहमीच्या प्लेटा, ग्लास मांडा. कागदावर वाट्या ठेवा, चीजच्या जागी काडेपेट्या, सुऱ्या. खुर्च्यांवर बसून हात पोचतो का बघा. मग तोच कागद सिंकमध्ये धरा, कपाटात सरकवा. दहा मिनिटं लागतात.

आणि मोठा बोर्ड आधीच घरात येऊन पडला असेल, तर तो पूर्ण भरायच्या फंदात पडू नका. चौघांसाठी त्याच्या एका टोकाचा तिसरा हिस्सा भरा, मध्ये अख्खा ब्रेड आणि त्याची सुरी ठेवा, उरलेल्या टोकाला लहान प्लेटांची चळत आणि रुमाल. रिकामी जागा विखुरलेली असली की बोर्ड संपत आल्यासारखा दिसतो, एका बाजूला गोळा केली की मुद्दाम सोडल्यासारखी वाटते.